ऑनलाइन मराठीतल्या चुका : तुमचे अनुभव लिहा

काल एका गटावर शोकसंदेशांची रांग लागली होती. एकाखाली एक, 'भावपुर्ण श्रध्दांजली'. आणि एकदम बाबा आठवले. ते छापखान्यात प्रुफं तपासायचे. 'ध्द' दिसला की लाल पेन तिथेच थांबायचं. म्हणायचे, मोठ्याने बोलून बघ, आधी द येतो की ध? श्रद्धा, बुद्धी, शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध. सगळीकडे द आधी. छपाईचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, जुळवणाऱ्या जुळाऱ्यांशी यावरून त्यांचे खटके उडायचे ते वेगळेच. आता जो तो आपले खिळे आपणच जुळवतो, मधे तपासणारा कुणी नाही.

दुःखाच्या संदेशात चूक काढायला जीभ रेटत नाही, पण डोळा अडखळतोच. तुमचेही अडखळत असतील. लिहा. हसण्यासारखं काही असेल तर ते आधी.

मोरपीस
आर्शिवाद!!! हा रफार मागे उडी का मारतो देव जाणे. बोलताना सगळे 'आशीर्वाद' नीट म्हणतात. माझ्या चुलतसासूबाई दर वाढदिवसाला 'आर्शिवाद' पाठवतात, आणि आता त्यांचा फोनच तो सुचवतो. एकदा नीट लिहून दाखवला तर म्हणाल्या, "अगं, पोचला ना?" पोचला होता. गप्प बसले.

आडवाट
एका संस्थेची निमंत्रणपत्रिका आली होती, 'आचाऱ्यांचे मार्गदर्शन लाभेल'. येणार होते आचार्य. मी म्हटलं, चला, यावेळी काहीतरी उपयोगाचं शिकायला मिळेल.
याच्या उलट म्हणजे फोटोखाली 'डोंगर-दर्या पालथ्या घातल्या'. अरे राजा, दर्या म्हणजे समुद्र, तो कसा पालथा घातलास?

टिंबटिंब
आमच्या गटावर दरवर्षी 'महिला दीन' साजरा होतो. दीन म्हणजे बिचारी. शुभेच्छा म्हणायच्या की सांत्वन?
आणि गायब होणारे अनुस्वार. 'सरानी सांगितल.' आदराचा अनुस्वार गेला, पाठोपाठ 'सांगितलं'चाही गेला. 'मुलाना बोलवा' आलं तर मी विचारते, एकाला की सगळ्यांना? मुलाला आणि मुलांना यांच्या मधेच काहीतरी लटकलेलं असतं ते.

जोडाक्षर
घाईत लिहितोय. याद्या जुळवायचं काम करतो. एकच आडनाव दोनदा येतं, एकात वेलांटी पहिली, एकात दुसरी. संगणकाला ती दोन माणसं. याहून छळवाद म्हणजे 'दुसऱ्या'मधला ऱ्य. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक ऱ वापरून, दुसरी साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही बहुतेक वेळा सारखेच दिसतात, पण शोधायला गेलात तर एक सापडतो आणि दुसरा नाही. डोळे फोडून घेतले तरी कळत नाही कुठे बिनसलंय.

घाई-गर्दी
मि पन लिहीनार होतो पन तुम्ही सगळे लाल पेन घेउन बसलाय भिती वाटते 😀

आडवाट
घाई-गर्दी, हे मुद्दाम केलंयस. इतक्या चुका सहज जमत नाहीत.

उंबरठा
गंमत चालू द्या, पण 'पन' आणि 'पानी'वर नको. आमच्या वर्गात एक मुलगी होती, गणितात सगळ्यांच्या पुढे. 'पानी' म्हणाली म्हणून वर्ग हसला, त्यानंतर तिने हात वर करणंच सोडलं. तिच्या घरी सगळे तसंच बोलत, ती तिची बोली. नियम आहेत ते लेखनाचे, त्यातही प्रमाणलेखनाचे. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली ४ वाढले. कुणाच्या उच्चारावर हसा असा एकोणिसावा नियम कुणी केलेला नाही. कार्यालयाचं पत्रक चुकलं तर जरूर बोला, ते त्यांचं कामच आहे.

मोरपीस
उंबरठा, +१. मी फक्त छापील बोर्डांना आणि बातम्यांना हसते. 'महत्व', 'तज्ञ', 'उज्वल'. अर्धी अक्षरं खाणाऱ्यांना पगार पूर्ण मिळतो.

टिंबटिंब
😂😂

काठावरची
विषयाला धरून आहे का माहीत नाही, पण माझी बहीण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. ल-ळ एकच, न-ण एकच, त-ट एकच. ती विचारते 'केलं का?' आणि मी वाचते 'केळं का?' मी रागावून फोन करते, मग तासभर गप्पा होतात. म्हणजे तसा फायदाच.

जोडाक्षर
'त्या साठी', 'घरा मध्ये' राहिलं की. यात थोडा दोष फोनचा. सुचवलेला शब्द निवडला की तो पुढे आपोआप जागा सोडतो, आणि ती मागे जाऊन पुसणार कोण?

काठावरची
बरं, तो ऱ्या टाइप कसा करायचा? मी आजवर शब्दच बदलत आलेय. 'दुसऱ्या दिवशी' नको म्हणून 'उद्या'.

जोडाक्षर
माझ्या फोनवर र दाबून धरला की ऱ येतो. मग हलन्त, मग य, मग काना. तुमच्याकडे बघा.

घाई-गर्दी
मला सापडला! ऱ्या ऱ्या ऱ्या ऱ्या

आडवाट
गाडी सुरू होत नाहीये का रे?