जपानी नौदलाची विमाने खरोखर बैलगाडीवरून नेत असत का?

प्रश्न : माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात जोडणी विभागात होते. तिथे धावपट्टी कारखान्याला लागूनच असल्यामुळे, दुसऱ्या महायुद्धात मित्सुबिशी कंपनीची ‘झिरो’ ही लढाऊ विमाने नागोयाच्या कारखान्यातून बैलगाडीवर लादून विमानतळावर नेत, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : हे खरे आहे, काकांना अवश्य सांगा. नागोयाच्या कारखान्याजवळ योग्य धावपट्टी नव्हती आणि सुमारे ४८ किलोमीटरवरच्या कागामिगाहारा विमानतळाचा रस्ता इतका खडबडीत होता की ट्रकच्या हादऱ्यांनी ड्युरॅल्युमिन या हलक्या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या सांगाड्याला इजा पोहोचे. म्हणून सुटे केलेले भाग बैलांच्या संथ चालीने नेत. युद्ध चालू असताना एकेका विमानामागे जवळपास एक दिवस असा रस्त्यातच जाई, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

उत्तर २ : बॉम्बच्या बाबतीतही असेच भागवून न्यावे लागे. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर वापरलेले सुमारे ८०० किलोचे चिलखतभेदी बॉम्ब म्हणजे युद्धनौकांच्या १६ इंची तोफांचे गोळे होते. ते लेथवर बाहेरून तासून त्यांना शेपटीचे पंख जोडले होते.

उत्तर ३ : मूळ दुखणे कच्च्या मालाचे होते. अॅल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट दक्षिणेकडून समुद्रमार्गे येई आणि अमेरिकी पाणबुड्या ती जहाजे बुडवत. १९४४ मध्ये जपानने सुमारे २८,००० विमाने बांधली, तर अमेरिकेने सुमारे ९६,०००. त्याच वर्षी ७ डिसेंबरच्या भूकंपाने नागोयाचे कारखाने हादरले, आणि पुढच्याच आठवड्यांत अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांचे हल्ले झाले.