बिल भरायला पैसे नव्हते तेव्हा... (अनुभव धागा)

उंबरठा

दसऱ्याच्या आधी माळा काढायला घेतला. पितळेच्या घंगाळात आईची एक वही सापडली. 'सुंदर' छापाची, २०० पानी, कव्हरला तेलाचा डाग. आत १९९७ सालचं एक पान.

तेव्हा आम्ही इचलकरंजीत. बाबा मागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते. सायकलवरून येताना ट्रकचा धक्का लागला, मांडीचं हाड मोडलं आणि मिरजेत ऑपरेशन झालं. २३ दिवस तिथेच. बिल ३१,४००. घरात होते चार हजार आणि आईच्या पाटल्या.

पानावर आईच्या अक्षरात यादी आहे: मामा ५०००. शेठ २००० (पगारातून कापणार). भिशी ३५००. पाटल्या ९२००. समोरच्या शिंपिणकाकू ३०१. शाळेतल्या बाई १००. अशा २७ ओळी. जसजसे फेडले तसतशी पुढे बरोबरची खूण. शेवटची ओळ : "शेजारच्या खाटेवरची, जतची ५०." तिच्यापुढे खूण नाही.

मी नववीत होते. बिलाच्या खिडकीशी आई उभी होती आणि मागच्या बाकावर मी दप्तर घेऊन. आई काहीच बोलत नव्हती, नुसता पदर बोटाला गुंडाळत होती. तेवढंच आठवतंय. आतल्या माणसाने दोनदा "मॅडम, पुढचं पेशंट आहे" म्हटलं.

तुम्हीही कधी त्या खिडकीशी उभे राहिला असाल. कसं निभावलंत? लिहा ना.

जास्वंदी

३०१ वाचून हसू आणि रडू एकदम. काकूंनी आहेरासारखे दिले, वरचा रुपया धरून!

खानदेशी वांगं

आमचं उलटं झालं. पैसे होते, म्हणजे पॉलिसी होती, आणि तरी बुडालो. सगळ्यांनी नीट वाचा, माझ्यासारखं करू नका.

बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन. विमा ३ लाखांचा, रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोजचे ३ हजार. काउंटरवर विचारलं, कोणती रूम? सासूबाई राहणार, त्यांना झोपायला नीट जागा हवी म्हणून मी म्हटलं, ६ हजारांची द्या, वरचे तीन हजार मी भरेन. मला वाटलं, हिशेब तेवढाच.

तो तेवढा नसतो. रूम दुप्पट म्हणून सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, सगळं त्यांनी अर्धंच धरलं. औषधं तेवढी वाचली. १ लाख ७० हजारांच्या बिलात ६८ हजार माझ्या गळ्यात. सासूबाई अजून सांगतात, "गादी छान होती हो त्या दवाखान्यात."

निशाचर ८२

@वांगं, त्या गादीचा ईएमआय अजून चालू आहे का?

खानदेशी वांगं

फिटला. पण सासूबाईंना आकडा सांगितलेला नाही, कृपया सहकार्य करा.

अण्णांची धाकटी

अण्णांची अँजिओप्लास्टी जानेवारी २०१७ मध्ये. दोन स्टेंट. एकेक सव्वा लाखाच्या घरात. भावाने पीएफमधून उचल घेतली, मी सोन्यावर पतसंस्थेतून. घरी आणलं, पथ्य सुरू, आणि फेब्रुवारीत पेपरात पहिल्या पानावर : औषधवाल्या स्टेंटची किंमत सरकारने २९,६०० वर आणली.

अण्णांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला. दुपारी म्हणाले, "महिनाभर कळ काढली असती तर?" मी म्हटलं, "अण्णा, महिनाभर कळच निघाली असती." तेव्हा हसले. पण तो पेपर त्यांनी टाकला नाही कधी.

पांढरा कावळा

वाचतोय. बाळ झोपलं की लिहितो.

खिडकीपलीकडची

धागा वाचून राहवलं नाही. मी त्या खिडकीच्या आत बसत होते. ट्रस्टचं हॉस्पिटल, अकरा वर्षं बिलिंगला.

लोक आमच्याकडे शेवटच्या दिवशी येतात. बावीस दिवस कुणी काही विचारत नाही, डिस्चार्जच्या दुपारी हात जोडतात. तोपर्यंत माझ्या हातात काही उरलेलं नसतं. दाखल झालात त्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना गाठा. बहुतेक ठिकाणी त्यांची खोली जिन्याखाली किंवा एक्स-रेच्या पलीकडे, कुणाला दिसणार नाही अशीच असते. (का ते तुम्ही ओळखा.)

धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे ती. एकूण बिलिंगचे २ टक्के त्यासाठी वेगळ्या खात्यात जातात. म्हणजे मागताना तुम्ही भीक मागत नाही, तो निधी त्याचसाठी असतो. लागतं काय, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड. "खाटा शिल्लक नाहीत" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. लेखी मागितलं की आमच्याकडे पुष्कळदा एखादी खाट सापडायची.

आणि रात्री दहानंतर सवलत मागू नका. रात्रीच्या माणसाला शंभर रुपये कमी करायचाही अधिकार नसतो. तो फक्त शिव्या खायला बसवलेला असतो. मीही बसले आहे.

उंबरठा

@खिडकीपलीकडची, मनापासून धन्यवाद. "मॅडम, पुढचं पेशंट आहे" म्हणणाऱ्या माणसावर इतकी वर्षं राग धरला होता मी. आज जरा कमी झाला. थोडासाच.

कोकणी काजू

आमच्या सिंधुदुर्गात काही झालं की १०८ सरळ बांबोळी धरते. तिथलं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आम्हाला आपलंच वाटायचं. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना पैसे लागायला लागले. बाबा तेव्हा तिथेच होते. सावंतवाडीच्या मावशी बाकावर बसून म्हणत होत्या, "माहेर थय, सासर हय, आता मी खयची ता कोण ठरयतलो?" तरी खासगीच्या मानाने बिल कमीच. डॉक्टर देवमाणूस.

नळावरची भांडणं

मावशींनी लाखातलं विचारलं. आमच्या आजीचंही माहेर डिचोली.

कोकणी काजू

डिचोलीत कुठे? माझी आत्या तिथलीच!!

मेडिकल चौक

आमच्या नागपुरात मेडिकल म्हटलं की जीएमसीच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज. औषधाच्या दुकानाला आम्ही दुकान म्हणतो, बाप्पा. २०२० च्या सप्टेंबरात काका खासगीत होते, कोविड. १२ दिवस, बिल ३ लाख ९० हजार. सरकारने मे महिन्यातच दर बांधून दिले होते : साधा वॉर्ड ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसकट ९००० रोजचे. मी कागद घेऊन महापालिकेच्या ऑडिटरकडे गेलो. त्या माणसाने लाल पेनाने रेषा मारायला सुरुवात केली. पीपीई किट रोजचे सहा, एकाच खाटेला! पेन थांबेचना. शेवटी १ लाख ४२ हजार कमी झाले.

काका मात्र वाचले नाहीत. काकूला परत आलेल्या पैशांचं काय करावं कळत नव्हतं, तिने ते तसेच पाकिटात ठेवले वर्षभर.

जास्वंदी

😔

पांढरा कावळा

बाळ झोपलं. मी तिकडे (अमेरिकेत) असतो. सासरे आले होते, मुतखडा उठला, रात्री इमर्जन्सीत नेलं. सहा तास, एक सीटी स्कॅन, एक सलाईन. बिल १४ हजार डॉलर. प्रवासी विम्याने "आजार जुना" म्हणून हात वर केले. सासऱ्यांच्या हाती कागद लागू नये म्हणून बायकोने तांदळाच्या डब्यात लपवला, कारण त्यांचा ८५ ने गुणाकार तोंडपाठ आहे.

ऑफिसातल्या एका मेक्सिकन मित्राने शिकवलं : पहिलं बिल कधीच भरायचं नाही, आधी प्रत्येक बाबीची फोड मागायची. फोड आली तर त्यात न दिलेलं एक इंजेक्शन. मग कळलं, हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असेल तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्यांना कायद्यानेच भाग आहे. फॉर्म भरला, पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या, चार महिने फोन. ३,१०० वर मिटलं, तेही हप्त्यांनी. सासरे परत गेले. तांदळाचा डबा उपसताना बायकोला अजून एक कागद सापडला, तो रेडिओलॉजिस्टचा, वेगळा. तिकडे हॉस्पिटल वेगळं बिल पाठवतं, डॉक्टर वेगळं.

निशाचर ८२

म्हणजे मुतखडा एक, बिलं दोन.

पांढरा कावळा

तीन. अँब्युलन्स राहिली.

भाकरीचा चंद्रमा

माझ्या मावसभावाचा मृतदेह २०१९ मध्ये सहा तास अडवला होता. ४० हजार बाकी होते. गाव १८० किलोमीटर. आम्ही चौघांनी एटीएमच्या मर्यादेत चार कार्डं रिकामी केली. बाकीचे त्याच्या गाडीवानाने, म्हणजे ज्याच्या टेंपोतून न्यायचं होतं त्याने, खिशातून काढले. २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृहांच्या नियमांत स्पष्ट आलं, बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. फार उशिरा आलं. एवढंच लिहितो.

अण्णांची धाकटी

🙏

रात्रपाळी

इथे विचारू का. भाऊ आयसीयूत आहे. परवा सिन्नरजवळ बाईक घसरली, डोक्याला मार. नाशिकला आहे. १ लाख १० भरले. काउंटरवाला म्हणतो, उद्या सकाळी ८० हजार भरा नाहीतर औषधं थांबतील. माझ्याकडे आता ९ हजार आहेत. फोन १४ टक्के.

खिडकीपलीकडची

आधी चार्जर शोध. नर्सिंग स्टेशनला माग, देतात. मग एकेक सांग. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची) आहे का? दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं, बोर्ड लावलेला. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आता पांढरं कार्ड असलं तरी चालतं, पूर्वी पिवळं-केशरीच लागायचं. टेबल नसेल तर १५५३८८ ला फोन करून जवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते विचार. इमर्जन्सीत मंजुरी फोनवर घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात.

मेडिकल चौक

पोलिसांत नोंद झाली का भाऊ? एमएलसीची (अपघाताची हॉस्पिटलने केलेली पोलीस-केस नोंद) प्रत काढून ठेव, पुढे जागोजागी लागते. रस्ते अपघाताला केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ पासून आहे, पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत. पण ठरलेल्या हॉस्पिटलांतच आणि पोलिसांची नोंद हवी. आजच पोलीस ठाण्यात जा.

भाकरीचा चंद्रमा

मुख्यमंत्री सहायता निधीचाही अर्ज टाक. पेशंट दाखल असतानाच, भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. खासगी असेल तर खर्चाच्या अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही लागते. मी त्या सहीसाठी दोन दिवस घालवले, तू सकाळी साडेनऊलाच उभा राहा.

नळावरची भांडणं

आणि आत्तापर्यंतच्या बिलाची फोड माग. नुसता शेवटचा आकडा नको.

जास्वंदी

@रात्रपाळी, वहिनी आहेत का सोबत? तू जेवलास का?

उंबरठा

मधल्या काळात त्या ५० रुपयांचं विचारलं आईला. आई म्हणते ती बाई नव्हेच, तिच्या नवऱ्याने दिले होते. बाईला पाय घसरून कंबर मोडली होती, आणि त्याने धोतराच्या कनवटीतून नोट काढून दिली, घडी पडलेली. नाव? "आम्ही काय नाव विचारतो का? पाव्हणं म्हणत होतो." मग आई एकदम भांडायलाच लागली की शिंपिणकाकूंचे ३०१ नव्हते, ५०१ होते, आणि मी वही नीट वाचत नाही. तासभर चालू आहे. चष्मा शोधतेय.

कोकणी काजू

@नळावरची भांडणं, आत्याला फोन केला. तुमच्या आजीचं आडनाव ऐकून ती उडालीच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

रात्रपाळी

फोन चार्जिंगला लावला, सिस्टरने दिला चार्जर. आरोग्यमित्र आहे, टेबलवर कुलूप होतं, माणूस सात वाजता येतो म्हणे. रेशनकार्ड केशरी आहे पण जुनं, त्यावर तो १२ आकडी ऑनलाइन नंबर नाही. चुलत्याला गावात फोन केला, तो सकाळी तलाठी आणि पुरवठा शाखा दोन्ही करतो म्हणाला. पोलीस ठाण्यात मित्राला पाठवलंय. काउंटरवाल्याला सांगितलं, उद्या दहाला मॅनेजरशी बोलतो. तो म्हणाला, बोला.

@जास्वंदी, वहिनी आहे. तिने सकाळपासून काही खाल्लं नाही. समोर पोळीभाजी केंद्र आहे, ते साडेदहाला बंद करतात. जाऊन येतो.