मदत हवी आहे : कापसाच्या प्रतवारीतील ‘फेअर’ला मराठीत काय म्हणावे?

जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी कापूस खरेदीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मी ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’ (हमीभावासाठी माल ज्या दर्जाचा असावा लागतो, तो दर्जा) या शब्दांपाशी अडलो आहे. ‘फेअर’चा मूळ अर्थ सुंदर; पुढे त्याला गोरा, निःपक्षपाती, निरभ्र, बऱ्यापैकी असे अर्थ येत गेले. (सारंगखेड्याच्या यात्रेला लावतात ते ‘फेअर’ हे नाम मात्र लॅटिनमधून आलेला निराळाच शब्द आहे.) मी ‘रास्त सरासरी दर्जा’ असे लिहिले, तेव्हा वडिलांनी विचारले, ‘‘रास्त तर भाव असतो, कापूस कसा रास्त असेल?’’ ते मला पटले. ‘मध्यम’ लिहावे, तर ‘मध्यम धागा’ या लांबीच्या वर्गाशी घोळ होतो, आणि हमीभावाच्या बाबतीत असा घोळ शेतकऱ्याला महागात पडेल. बाजार समितीत रुळलेला शब्द कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावा.