तयार पाकीट खरोखर स्वस्त पडते का?

घरखर्च:
आम्ही दोघेही नोकरी करतो. त्यामुळे आले-लसणाची पेस्ट, पाकिटातले सूप, गोठवलेले मटार आणि तयार उपमा या वस्तू वाणसामानाच्या यादीत केव्हा शिरल्या, ते कळलेच नाही. एकेक पाकीट महाग वाटत नाही, तरीही महिन्याचा खर्च वाढला आहे. किमतीत न दिसणारा खर्च नेमका कुठे असतो?

मेथीजुडी:
या चारही वस्तू एका माळेत ओवू नका. मटाराच्या शेंगांतून साधारण निम्म्या वजनाचेच दाणे निघतात. म्हणजे मंडईत ६० रुपये किलोने घेतलेला मटार प्रत्यक्षात १२० रुपयांना पडतो, आणि सोलत बसणे वेगळेच. हंगाम नसताना गोठवलेले मटार घेण्यात मला तोटा दिसत नाही. सुपाचे मात्र तसे नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे टोमॅटोच्या सुपात कॉर्नफ्लॉवर आणि साखर टोमॅटोच्या आधी आली असेल, तर आपण पैसे कशाचे मोजतो हे तिथेच कळते. सोडियमही पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, पाकिटावरचा आकडा मात्र पुष्कळदा १०० ग्रॅमचा असतो, अख्ख्या पाकिटाचा नव्हे.

निवृत्त_लेखापाल:
खर्च वाढण्याचे कारण खाण्याच्या प्रमाणातही असू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेल्या केव्हिन हॉल यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियित (म्हणजे कारखान्यात पुष्कळ प्रक्रिया करून बनवलेले) आणि दोन आठवडे जवळपास प्रक्रिया न केलेले अन्न हवे तितके खाऊ दिले. ताटात वाढलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी सारखीच असूनही अतिप्रक्रियित अन्न माणसे रोज सुमारे ५०० कॅलरींनी जास्त खात होती. मात्र तिथे ताज्या जेवणाचे साहित्यच महाग पडले: आठवड्याला १५१ डॉलर, तर दुसऱ्याचे १०६. तेव्हा ताजे ते स्वस्तच, असे मी म्हणणार नाही. उपम्याचा हिशेब मात्र सरळ आहे. त्या पाकिटात मुख्यतः रवाच असतो, किलोचा भाव काढून पाहा.

घरखर्च:
सूप आणि उपमा बंद करते. पेस्टचे काय करावे?

मेथीजुडी:
तयार पेस्टमध्ये बहुधा मीठ असते, तेव्हा भाजीत त्या मानाने कमी घाला. रविवारी घरी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेली पेस्ट पुष्कळ दिवस पुरते. फक्त लसूण सोलायला दोघांनीही बसायचे, नाहीतर तो खर्च एकटीच्याच खात्यावर पडतो.