सोमवारपासून पहिली ते चौथी वर्गात: सुरुवात कुठून करायची?

सत्तरीची टीचर
२१ फेब्रुवारी २०२२पासून मुलं शाळेत येणार. शाळा गोव्यातली, सरकारी, मराठी माध्यमाची. चारही इयत्ता मिळून २३ मुलं, खोल्या दोन आणि शिकवणारी मी एकटी. घरी सगळे कोंकणी बोलतात. मोबाइलवरच्या तासाला सात-आठ जण नियमित असायचे. बाकीच्यांकडे रेंज नाही, नाहीतर फोन सकाळीच बाबांबरोबर कामाला गेलेला. स्वाध्यायाचे फोटो मात्र सगळ्यांचे आले, त्यातले निम्मे आईच्या अक्षरात. त्यामुळे कोण कुठे आहे ते खरंच कळत नाही.
मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आत्ताची दुसरी अंगणवाडीत होती, म्हणजे ही मुलं वर्गात कधी बसलेलीच नाहीत. तिसरीने पहिलीचे नऊ-दहा महिने पाहिले, तेवढेच. शिगमो, पाडवा, गुड फ्रायडे वजा केले तर एप्रिलअखेरपर्यंत दोन महिनेही उरत नाहीत. पुस्तक पुढे नेऊ की मागे जाऊ? आणि पालक संघाला पहिल्या दिवशी फुगे, ओवाळणी, छोटा कार्यक्रम करायचा आहे. करू द्यावा का?

डिचोलीकर मास्तर
पुस्तक तूर्त कपाटात. पहिले तीन दिवस एकेका मुलाला जवळ बसवून ऐका. एकाला पाच-सहा मिनिटं, दिवसाला आठ मुलं, तीन दिवसांत सगळी होतात. बाकीच्यांना तोवर चित्रं, मातीकाम, बाहेरचे खेळ.

एका पुठ्ठ्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: सुटी अक्षरं, दोन-तीन अक्षरी साधे शब्द, चार सोप्या वाक्यांचा उतारा, आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीतल्या चाचणीची हीच रीत आहे. सुरुवात उताऱ्यापासून करा. वाक्य वाक्यासारखं वाचलं तर गोष्ट द्या. शब्द शब्द तोडून वाचलं किंवा तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर शब्दांवर या. मुलाने स्वतः निवडलेल्या पाच शब्दांतले चार बरोबर आले तर ते मूल शब्दांच्या पायरीवर, नाहीतर अक्षरांवर. तिथेही पाचात चार. मुलाच्या नावापुढे 'अडखळतो' एवढंच लिहू नका, नेमकं काय अडलं ते लिहा: वेलांटी गाळतो, जोडाक्षर फोडतो, 'भ' आणि 'म' यांत गोंधळतो.

एक सापळा आहे. पुस्तकातला धडा वाचायला दिलात तर फसाल. व्हिडिओ ऐकून ऐकून तो पाठ झालेला असतो, बोट एका शब्दावर आणि तोंड तिसऱ्यावर. शंका आली की शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचायला सांगा, खरं काय ते लगेच दिसतं.

मग रोजचा पहिला सव्वा तास इयत्ता विसरून पायरीप्रमाणे गट. गणित आणि परिसर अभ्यास त्यानंतर इयत्तेप्रमाणे.

गणितात ४२ − १७ एवढं एकच उदाहरण तिसरी-चौथीला घाला. ३५ उत्तर आलं तर मुलाने सातातून दोन आणि चारातून एक वजा केला, म्हणजे लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढंच त्याला ठाऊक आहे. हातचा म्हणजे काय ते फळ्यावर समजावून उपयोग नाही. माडाचे हीर (झावळीच्या काड्या) बोटभर लांबीचे कापा, दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधा. चार जुड्या आणि दोन सुटे हातात द्या आणि सतरा मागा. सात सुटे देता येत नाहीत म्हटल्यावर मूल आपणहून जुडी सोडतं. ती सोडली की मगच वहीत लिहायचं, आधी नाही. एका संचाला नऊ जुड्या आणि दहा सुटे, म्हणजे शंभर हीर लागतात. दोघांत एक संच पुरतो.

अंत्रुजकार
मास्तरांचं पटलं, पण कोंकणीचा मुद्दा राहिला, आणि आपल्याकडे खरी गोची तिथेच आहे. दोन वर्षं या मुलांच्या कानावर मराठी पडली ती फोनमधून, तीही तुटक. चित्रात मांजर दाखवलं आणि मूल 'माजर' म्हणालं, 'भात'ऐवजी 'शीत' आणि 'पाणी'ऐवजी 'उदक' म्हणालं, तर ती चूक धरू नका. अर्थ त्याला कळला आहे. 'मांजर' हा लिहिलेला शब्द 'मांजा' असा वाचला तर मात्र अक्षर अडलं आहे. चाचणीत हे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर अर्धा वर्ग उगाच खालच्या गटात जाईल.

पहिले दोन आठवडे सकाळच्या गप्पा कोंकणीतच होऊ द्या. मुलं बोलतील त्यातली तीन-चार वाक्यं तुम्ही मराठीत फळ्यावर लिहा आणि त्याच वाक्यांवर वाचन घ्या. 'ऊन' म्हटलं की मुलाला 'हून' म्हणजे गरम आठवतं, उन्हाचा घरचा शब्द 'वोत' म्हटल्यावर डोळे चमकतात. अशा जोड्यांचा एक तक्ता भिंतीवर लावा: आयज–आज, फाल्यां–उद्या, तांतीं–अंडं, सुणो–कुत्रा. रोज पाचच.

आणि मास्क. ओठ दिसले नाहीत तर 'प' की 'फ' ते नवशिक्या मुलाला कळत नाही. अक्षरांच्या वेळी खिडकीशी उभं राहून, दोन मीटर अंतर ठेवून, तेवढ्यापुरता मास्क खाली घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तर केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२च्या सूचनेत मास्कची शिफारसच नव्हती.

कौलारू
मी शिकवण्याबद्दल बोलत नाही, इमारतीबद्दल बोलतो. दोन पावसाळे बंद राहिलेली चिऱ्यांची शाळा, त्यात १४ तारखेला विधानसभेचं मतदान झालं. तुमच्याकडे केंद्र असेल तर बाकं अजून व्हरांड्यात रचलेली असतील. शनिवारी जा.

आधी वर बघा. सरकलेली कौलं, आणि त्याखालच्या रिपा-वासे वाळवीने पोकळ झालेत का. पेचकसाचं टोक सहज आत घुसलं तर त्या खोलीत मुलं बसवायची नाहीत. पंख्याच्या कप्प्यात आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांची घरं असतात. पंखा सुरू करायच्या आधी बघा, नंतर नव्हे.

टाकीतलं जुनं पाणी पूर्ण सोडा, गाळ ब्रशने घासून काढा. ५०० लिटरच्या टाकीला ७५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर: बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच भरलेल्या टाकीत ओता. सगळे नळ वास येईपर्यंत उघडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. रविवारी सगळं पाणी फेकून नवीन भरा. ब्लीचिंगचं पाणी पिण्याचं नाही, दारावर तसं लिहा. संडासात ॲसिड टाकणार असाल तर त्या दिवशी ब्लीचिंग तिथे अजिबात नको. दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो.

अंत्रुजकार
कार्यक्रमाचं: नको. ज्या मुलाने वर्ग पाहिलेलाच नाही त्याला बँडबाजा आणि पन्नास माणसं म्हणजे स्वागत नव्हे, धसका. पालक संघाला कामच द्यायचं तर ते हीर कापायचं द्या. पहिली-दुसरीच्या आया पहिले दोन दिवस व्हरांड्यात बसल्या तरी चालेल, तिसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. निरोप घेऊन जायचं, चोरून सटकायचं नाही. चोरून गेल्या तर मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. आणि पहिल्याच तासाला संडास कुठे, नळ कसा उघडतो, 'जाऊ का' कसं विचारायचं ते प्रत्यक्ष करून घ्या. दुसरीतल्यांनाही हे माहीत नाही.

सत्तरीची टीचर
देव बरें करूं. बाकं खरंच व्हरांड्यातच आहेत. दोन अडचणी अजून: चौथीचं मूल दुसरीच्या मुलाशेजारी अक्षरांच्या गटात बसलं की घरून तक्रार येणार. आणि लिहिण्याचं काय? परवा एकाच्या हातात पेन्सिल दिली तर मुठीत धरली.

डिचोलीकर मास्तर
गटांना अ-ब-क म्हणू नका. भिरंड, फणस, जांभूळ, काहीही. गट दर दोन आठवड्यांनी बदलतात हे पालकांना आधीच सांगा आणि खरोखर बदला. चौथीच्या मुलाकडे पुठ्ठे वाटणं, फळा पुसणं अशी कामं द्या. अक्षरं मात्र त्याला इतरांहून भराभर येतात, वय मोठं असतं. तीन आठवड्यांत ते शब्दांवर आलं नाही तर एकदा डोळे तपासून घ्यायला सांगा.

पेन्सिलचं सोपं आहे. आठवडाभर वही नकोच. चिकणमातीच्या गोळ्या, कागद फाडून चिकटवणं, मग पाटीवर मोठमोठे गोल आणि उभ्या-आडव्या रेघा. त्यानंतर जेमतेम पाच सेंटिमीटरचा पेन्सिलचा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. लिखाण एका वेळी पाच मिनिटं, नंतर हात झटकायला उठवा. वह्या चौकटीच्या घ्या. आणि नवी लांब पेन्सिल भेट द्यायचं पालक संघाच्या मनात असेल तर त्यांना मार्चपर्यंत थांबवा.