‘एक दिवस लिफ्ट बंद’ म्हणजे नक्की कधीपर्यंत?

सचिव: सूचना. रविवारी एक दिवस लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील. सहकार्य करावे.

बी-४०३: सर, एक दिवस म्हणजे संध्याकाळपर्यंत ना? आईला रात्री ९ ला दवाखान्यातून घरी आणायचंय. चार जिने नाही चढवणार तिला.

सी-१०२: ताई, दिवस म्हणजे २४ तास. सोमवार सकाळ धरून चला.

डी-३०१: छे, रात्र वेगळी, दिवस वेगळा.

ए-२०१ आजोबा: दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर घोळ होतो. ‘दिवसाला दोन गोळ्या’ म्हटलं की रात्रीची गोळी त्यातच आली. पण ‘दिवसा झोपू नका’ म्हटलं की फक्त उजेडाची वेळ. ‘दिवसरात्र’ म्हणतो तेव्हा तर रात्र बाहेर काढून वेगळी जोडतो. आणि ‘दिवस उगवला, दिवस कलला, दिवस बुडाला’ यात दिवस म्हणजे चक्क सूर्य! मला तर हाच अर्थ सर्वांत आवडतो. गावाकडे अजून असंच बोलतात.

सी-१०२: मग पंचांगात दिनमान लिहितात ते?

ए-२०१ आजोबा: ते सूर्योदय ते सूर्यास्त. ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं. रात्रीसकट मोजायचं तर शब्द अहोरात्र, त्याच्या ६० घटका. एक घटका २४ मिनिटांची. शिवाय पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, तारीख मात्र मध्यरात्री. म्हणजे पहाटे ३ ला रविवार लागला की नाही, यावरही दोन उत्तरं.

डी-३०१: २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दिनमान बरोबर १२ तास असतं ना, आजोबा?

ए-५०२ मॅडम: त्याहून काही मिनिटं जास्तच. सूर्याची वरची कड दिसली की उदय आणि ती दिसेनाशी झाली की अस्त धरतात. त्यात हवेमुळे प्रकाश वाकतो, म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसायला लागतो. शाळेत मुलांना हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी वेळा तपासून येतात.

ए-२०१ आजोबा: वा! सचिवसाहेब, सूचनेत निदान ‘दिवसा’ लिहा. आजारी माणूस आहे, तेव्हा तास लिहिलेत तर उत्तमच.

सचिव: मिस्त्रीशी बोललो. रविवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ लिफ्ट बंद. काम लांबलं तर ५ वाजता इथेच कळवतो. ताई, तसं झालं तर खुर्चीवरून आईंना वर न्यायला आम्ही चौघं खाली थांबू.

बी-४०३: मनापासून आभार सर. निघताना मेसेज करते.