पाच लाखांचे कार्ड आहे, पण महिन्याच्या गोळ्यांचे काय?

केळीवाला, रावेर :
आमच्या आबांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. घरात जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे आणि त्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. परंतु ते चालते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. जवळच्या सरकारी केंद्रात कधी गोळ्या संपलेल्या असतात, तर कधी डॉक्टर बैठकीला गेलेले असतात. माणूस आडवा झाला की ५ लाख आणि उभा असेपर्यंत काहीच नाही, ही रचना उलटी नाही का?

निवृत्त आरोग्यसेवक, शहादा :
दादा, कागदावर ती उलटी नाही. २०१८ साली आयुष्मान भारत आले तेव्हा विम्याबरोबरच देशभरात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे करायचे ठरले होते आणि रक्तदाब-मधुमेहाची तपासणी व औषधे तिथेच मिळणे अपेक्षित होते. २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पाटी बदलायला औषधसाठ्याइतका वेळ लागत नाही. आमच्याकडची अडचण आणखी वेगळी आहे. सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. पण तो माणसे मोजतो, चढण मोजत नाही. धडगाव, अक्कलकुवा भागात तेवढी माणसे अनेक पाड्यांत विखुरलेली असतात, आणि पावसाळ्यात गरोदर बाईला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते, तेव्हा उपकेंद्र निकषात बसते की नाही याला अर्थ उरत नाही.

वाचक, धुळे :
विम्याला इतके हलके लेखू नये. माझ्या काकांची अँजिओप्लास्टी याच योजनेतून झाली, नाहीतर शेत विकावे लागले असते. मात्र केंद्रांचा मुद्दा पटतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे आणि त्यातला दोन-तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे म्हटले होते. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने दिल्लीने योजना आखली, तरी कायम पदे भरायची राज्यानेच. ती रिकामी राहिली की ११ महिन्यांच्या कंत्राटावरच्या परिचारिकांवर केंद्र चालते.

केळीवाला, रावेर :
काकांचे ऐकून बरे वाटले, भाऊ. आमच्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत पंचायतीचे सदस्य आहेत. पुढच्या बैठकीत औषधसाठ्याची नोंदवही समोर ठेवावी, असे त्यांना लेखी देतो.